गाडीने हॅम्बुर्ग: आधी पार्किंग ठरवा, मग शहर

हॅम्बुर्गला गाडीने जाणारे लोक सहसा रस्ता चुकत नाहीत. नॅव्हिगेशन त्यांना व्यवस्थित शहराच्या मध्यात आणून सोडतं आणि घोळ तिथून सुरू होतो. हॉटेलला पार्किंग नाही, रस्त्यावरच्या जागा निवासी लोकांच्या, पार्कहाउसच्या (बहुमजली पार्किंगच्या) दारात गाडीच्या टपावरची सामानपेटी अडते, आणि ज्या मोकळ्या पटांगणावर शेवटी गाडी लावली तिथे रात्री नदीचं पाणी चढतं. यातली प्रत्येक गोष्ट घरून निघण्याआधी सोडवता येते. त्यासाठी क्रम मात्र उलटा लावावा लागतो: काय बघायचं हे नंतर, गाडी कुठे उभी राहणार हे आधी.

हा लेख जर्मनीत किंवा शेजारच्या देशांत राहून स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांसाठी आहे, तसाच भारतातून येऊन भाड्याची गाडी घेणाऱ्यांसाठीही.

१. कागदपत्रं आणि गाडीतलं सामान

भारतीय लायसन्सवर पर्यटक म्हणून जर्मनीत गाडी चालवता येते, पण सोबत जर्मन भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. हा परवाना, म्हणजे आयडीपी, आपल्या आरटीओकडून मिळतो आणि जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. तो मूळ लायसन्सचा सोबती आहे. मूळ कार्ड घरी ठेवून नुसती आयडीपीची पुस्तिका आणली, तर भाड्याच्या गाडीच्या काउंटरवरच प्रवास संपतो. कंपनीला आयडीपी चालेल की भाषांतरही हवं, हे बुकिंग करतानाच ईमेलवर लेखी विचारून घ्या. ठेव रक्कम बहुतेक ठिकाणी चालकाच्या स्वतःच्या नावाच्या क्रेडिट कार्डावरच अडकवतात. नवऱ्याचं कार्ड आणि चालक बायको, हे गणित काउंटरवर जमत नाही.

नोकरी-शिक्षणासाठी जर्मनीत राहायला आलेल्यांची चूक वेगळी असते. वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिन्यांनी भारतीय लायसन्स तिथे निरुपयोगी होतं. भारताचं लायसन्स थेट बदलून मिळत नाही. लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. सातव्या महिन्यात गाडी भाड्याने मिळाली म्हणून ती चालवणं कायदेशीर ठरत नाही. अपघात झाला तर विनापरवाना चालवल्याचा गुन्हा लागतो.

गाडी ताब्यात घेताना डिकी उघडून तीन गोष्टी बघा: धोक्याचा त्रिकोण, चमकदार जाकीट आणि प्रथमोपचाराची पेटी. तिन्ही सक्तीच्या आहेत. जाकीट मात्र डिकीत ठेवू नका, पुढे हाताशी ठेवा. महामार्गावर गाडी बंद पडली तर ते घालूनच खाली उतरायचं असतं. बारा वर्षांखालच्या आणि दीड मीटरपेक्षा बुटक्या मुलांना योग्य आसन लागतं. मांडीवर बसवून नेणं चालत नाही, दोन किलोमीटरसाठीसुद्धा नाही.

थंडीत जाणार असाल तर टायरच्या बाजूवर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह शोधा. नुसतं 'एम+एस' लिहिलेले जुने टायर ऑक्टोबर 2024 पासून हिवाळी टायर म्हणून धरले जात नाहीत. तारखेची सक्ती नाही, परिस्थितीची आहे: रस्त्यावर बर्फ किंवा निसरडा थर असेल तर हे टायर हवेतच.

हॅम्बुर्गमध्ये पर्यावरण क्षेत्र (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना बंदी असलेला भाग) नाही, म्हणजे काचेवर हिरवा स्टिकर लागत नाही. पण त्याच फेरीत ब्रेमेन किंवा बर्लिनच्या मध्यात शिरणार असाल तर लागतो. जर्मनीतल्या भाड्याच्या गाडीवर तो बहुधा असतोच. नेदरलँड्स किंवा डेन्मार्कहून स्वतःची गाडी आणणाऱ्यांनी आधी मागवून घ्यावा. कारला जर्मन महामार्गांवर टोल नाही. पुढे ल्युबेकला गेलात तर तिथल्या हेरेन बोगद्याला मात्र पैसे पडतात.

> तपासा: गाडीची उंची (सामानपेटीसकट) आणि आरशांसकट रुंदी एका चिठ्ठीवर लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. दोन्ही आकडे पुढे कामाला येतील.

२. वार आणि तारीख

हॅम्बुर्गमध्ये कोणत्या वारी पोहोचता याला फार महत्त्व आहे. शुक्रवारी दुपारी तीन ते सहा ही सर्वांत वाईट वेळ. उन्हाळी सुट्टीतले शनिवारही तसेच, कारण दक्षिणेकडून डेन्मार्क आणि समुद्रकिनाऱ्याकडे निघालेली अर्धी जर्मनी याच शहराच्या कडेने जाते.

रविवारी उलट. जर्मनीत साडेसात टनांहून जड ट्रकना रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला मध्यरात्रीपासून रात्री दहापर्यंत रस्त्यावर बंदी असते. बंदराच्या शहरात हा फरक डोळ्यांना लगेच दिसतो. शहरात शिरायला, बंदरातून फिरायला आणि नव्या माणसाला उजव्या बाजूने चालवण्याचा सराव करायला रविवार सकाळ उत्तम. दुकानं बंद असतात, एवढीच काय ती गैरसोय.

तारीख पक्की करण्याआधी तीन गोष्टी बघून घ्या. पहिली, ए७ महामार्गावरची बंदी. आल्टोना भागात महामार्गावर छत घालण्याचं आणि एल्ब नदीच्या दक्षिणेला रस्ता रुंद करण्याचं काम चालू असल्यामुळे काही शनिवार-रविवारी शुक्रवार रात्री दहापासून सोमवार पहाटे पाचपर्यंत, तब्बल 55 तास, रस्ता पूर्ण बंद असतो. तारखा आधी जाहीर होतात. दुसरी, बंदराचा वाढदिवस: मेच्या सुरुवातीच्या त्या तीन-चार दिवसांत लांडुंग्सब्र्यूकन या नदीकाठच्या बोटधक्क्यांच्या आसपास गाडी न्यायचा विचारही करू नका. तिसरी, 'डोम' जत्रा. ती वसंत, उन्हाळा आणि हिवाळ्यात अशी वर्षातून तीनदा भरते, आणि एरवी पार्किंगसाठी वापरलं जाणारं हायलिगेनगाइस्टफेल्डचं मैदान त्या काळात पाळणे आणि स्टॉलनी भरलेलं असतं. जुन्या माहितीवर विसंबून तिथे पोहोचणारे दर वर्षी भेटतात.

३. गाडी कुठे राहणार, हे लिहून ठेवा

पर्याय तीनच आहेत: शहराच्या कडेचं पी+आर (गाडी लावून पुढे रेल्वेने जायची जागा), हॉटेलचं स्वतःचं पार्किंग, किंवा मध्यातलं पार्कहाउस. रस्त्यावर जागा शोधणं हा पर्याय नव्हे. झांक्ट पाउली, श्टेर्नशान्झं, ओटेन्झन, आल्टोना या भागांत संध्याकाळनंतर तिथल्या रहिवाशांनाच जागा मिळत नाही.

एका दिवसासाठी येणाऱ्यांना पी+आर सर्वांत सोयीचं. कोणतं घ्यायचं ते तुम्ही कोणत्या दिशेने येता यावर ठरतं:

- दक्षिणेकडून (हॅनोव्हर, ब्रेमेन): ए१ वरून ए२५५ ने फेडेल. तिथून एस-बान या लोकल गाडीने मुख्य स्थानक तिसरं. रहदारीचा लोंढा एल्बच्या पुलांवर अडकतो आणि फेडेल पुलांच्या अलीकडे आहे, हा त्याचा मोठा फायदा. ते भरलं असेल तर हारबुर्ग किंवा नॉयग्राबेन.
- पूर्वेकडून (बर्लिन, ए२४): बिलश्टेट भागातलं श्टाइनफुर्टर आले, ऊ२ ही मेट्रो.
- ल्युबेककडून (ए१): मायेनडॉर्फर वेग, ऊ१.
- उत्तरेकडून (कील, फ्लेन्सबुर्ग, ए७): श्टेलिंगन किंवा एल्बगाउश्ट्रासं. श्टेलिंगन हेच फुटबॉल मैदानाचं स्थानक आहे. सामन्याच्या दिवशी तिकडे फिरकू नका.

पी+आरच्या फाटकावरचा फलक नीट वाचा. बऱ्याच ठिकाणी थोडं शुल्क असतं आणि गाडी किती तास ठेवता येते त्याला मर्यादा असते. गाडी तिथे लावून चार दिवस हॉटेलात राहायचा बेत असेल तर पी+आर ही जागा त्यासाठी नाही.

गाडी लावल्यावर तिकीट. आठवड्याच्या दिवशी सकाळी नऊनंतरचं दिवसाचं तिकीट स्वस्त पडतं, शनिवार-रविवारी ते दिवसभर चालतं. दोघं-तिघं असाल तर पाच जणांपर्यंतचं गटाचं तिकीट बघा. बहुतेक वेळा तेच फायद्याचं निघतं. दिवसाची तिकिटं दुसऱ्या दिवशी पहाटे सहापर्यंत चालतात, म्हणजे रात्रीचं जेवण आटोपून सावकाश परतता येतं. हेच तिकीट नदीवरच्या फेरी बोटींनाही लागू आहे. लांडुंग्सब्र्यूकनच्या तीन नंबरच्या धक्क्यावरून सुटणारी ६२ क्रमांकाची बोट फिंकनवेर्डरपर्यंत जाते आणि पर्यटक बोटींच्या तिकिटाचे पैसे वाचवते.

स्थानकात अडवणारी फाटकं नाहीत, म्हणून तिकीट लागत नाही असं समजू नका. विनातिकीट सापडलात तर 60 युरो.

हॉटेल बुक करताना 'पार्किंग उपलब्ध' या दोन शब्दांवर जाऊ नका. तीन प्रश्न विचारा: जागा राखून ठेवता येते का, रोजचे किती, आणि उंचीची मर्यादा किती. 'उपलब्ध' म्हणजे कित्येकदा शेजारच्या गल्लीतलं दुसऱ्याचंच पार्कहाउस निघतं.

> सावधान: मध्यातल्या जुन्या पार्कहाउसांची उंची दोन मीटरच्या आसपास असते. डोक्यावर पेटी किंवा सायकली असतील तर गाडी आत जाणार नाही, आणि मागे गाड्यांची रांग लागलेली असेल.

४. शहराकडे येताना

ए७ चा एल्ब बोगदा तीन किलोमीटरहून जास्त लांब आहे. आत वेगमर्यादा 80 आणि कॅमेरे कायमचे. उत्तरेकडून येताना बोगद्याआधी बाहेर पडायची शेवटची वाट ओथमार्शन, दक्षिणेकडून वाल्टर्सहोफ. फलकावर रांग दाखवत असेल तर निर्णय त्याआधी घ्यायचा असतो. आत शिरल्यावर पर्याय उरत नाही.

कामं चालू असलेल्या पट्ट्यांत डाव्या लेनवर '2,1 मी' अशी पाटी असते. ही मर्यादा आरशांसकट रुंदीची आहे, आणि गाडीच्या कागदावर लिहिलेली रुंदी आरशांशिवायची असते. आजच्या बऱ्याच एसयूव्ही आरसे धरले की या आकड्याच्या पुढे जातात. डॅशबोर्डवरची चिठ्ठी बघा आणि बसत नसाल तर उजवी लेन धरा.

लेन संपत असेल तर शेवटपर्यंत जाऊन एक-आड-एक मिसळायचं असतं. लवकर मिसळणं हा तिथे सभ्यपणा धरला जात नाही, लोक वैतागतात. उजवीकडून ओव्हरटेक करणं मात्र बेकायदा आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचं: महामार्गावर रहदारी थांबायला लागली, की रुग्णवाहिका दिसण्याची वाट न बघता मधली वाट मोकळी करा. सगळ्यात डावी लेन डावीकडे सरकते, बाकी सगळ्या उजवीकडे. ही वाट न केल्यास 200 युरोपासून पुढे दंड आहे. सायरन ऐकू आल्यावर सरकू म्हणणारे अडकतात, कारण तोवर पुढची-मागची गाडी चिकटलेली असते आणि चाक वळवायलाही जागा राहत नाही.

५. शहरात चालवताना

भारतातून आलेल्यांनी पहिली वीस मिनिटं मोकळ्या पार्किंगमध्येच काढावीत. उजव्या बाजूने चालवणं तासाभरात अंगवळणी पडतं. हात मात्र फसवतात: इंडिकेटरची दांडी डावीकडे असते, आणि जपानी-कोरियन गाड्यांची सवय असलेला माणूस प्रत्येक वळणावर वायपर चालू करतो. एक-दोनदा हसू येतं, पण त्या क्षणी मागच्या गाडीला तुम्ही वळताय हे कळलेलं नसतं. दुसरा धोका डावीकडे वळताना असतो. रिकामा रस्ता दिसला की गाडी आपोआप चुकीच्या लेनमध्ये शिरते. वळण्याआधी मोठ्याने म्हणा: 'मी मधल्या रेषेच्या बाजूला.' चालकाची जागा रस्त्याच्या मधल्या रेषेकडे असते, भारतात आणि जर्मनीतही.

उजवीकडून येणाऱ्याचा हक्क. ताशी 30 किमीच्या क्षेत्रात चौकात पाटी नसते, सिग्नल नसतो. तिथे उजव्या गल्लीतून येणारी गाडी आधी जाते, तुमचा रस्ता कितीही रुंद असो. मुख्य रस्ता आहे म्हणून आपण पुढे, ही आपल्याकडची सवय इथे सरळ अपघातात नेते. तुमचा हक्क असेल तर पिवळा चौकोन टोकावर उभा असलेली पाटी दिसेल. ती नसेल तर थांबायची तयारी ठेवा.

उजवं वळण आणि सायकली. तुमच्या उजव्या बाजूने सरळ जाणाऱ्या सायकलस्वाराचा हक्क तुमच्या आधी असतो. आरसा पुरत नाही, मान वळवून खांद्यामागे बघा. विजेवरच्या सायकली तुमच्या अंदाजापेक्षा खूप वेगाने येतात. वळल्यावर रस्ता ओलांडणारा पादचारीही आधी जातो.

थांबलेली बस. बसने धोक्याचे दिवे लावलेले असतील आणि ती थांब्यावर उभी असेल, तर तिच्या शेजारून पायी चालण्याच्या वेगानेच जायचं. समोरून येणाऱ्यांनाही हाच नियम.

गाड्यांना बंद रस्ते. आल्स्टर तळ्याकाठचा युंगफर्नश्टीग 2020 पासून खासगी गाड्यांसाठी बंद आहे; बस, टॅक्सी आणि सायकली जातात. पुढची बस गेली म्हणून तिच्या मागे जाऊ नका. तळ्याच्या पश्चिमेचा हार्वेस्टेहूडर वेग हा सायकलींचा रस्ता आहे. गाड्यांना मुभा असली तरी वेग 30 आणि सायकलवाले शेजारी-शेजारी चालू शकतात. हॉर्न वाजवायचा नाही. हॉर्न धोक्यासाठी आहे, नाराजी व्यक्त करायला नाही.

झीरिशश्ट्रासं. विंटरहूडमधला हा रस्ता एकेरी आहे, पण दिशा घड्याळावर ठरते. पहाटे चार ते दुपारी बारा शहराच्या मध्याकडे, दुपारी बारा ते पहाटे चार मध्यापासून दूर. सकाळी ज्या दिशेने गेलात, त्याच दिशेने दुपारी त्यात शिरलात तर समोरून दोन लेन भरून गाड्या येतील. बारा वाजायच्या आसपास त्या भागात असाल तर दुसरी वाट घ्या, वाद नको.

फोन हातात धरलेला दिसला तर 100 युरो आणि चालकाच्या नोंदीत दंडाचा एक गुण. वस्तीत वेग 10 किमीपर्यंत जास्त झाला तर 30 युरो, 16 ते 20 जास्त झाला तर 70. कॅमेऱ्याची सूचना देणारं ॲप चालकाने गाडी चालवताना वापरणं हाही गुन्हा आहे.

६. पाट्या, यंत्रं आणि निळी तबकडी

पार्किंगचे दंड भरणाऱ्यांत पाटी न पाहिलेले थोडे, पाटी अर्धी वाचलेले जास्त.

निळ्या गोलावर लाल फुली म्हणजे थांबायचंच नाही. एकच तिरकी रेघ म्हणजे चढ-उताराला किंवा तीन मिनिटांपर्यंत थांबता येतं. पाटीवरचा बाण नियम कुठून कुठपर्यंत लागू आहे ते सांगतो.

पाटीखाली 'वेर्कटाग्स' लिहिलेलं असेल तर त्यात शनिवार धरतात. शनिवारी सुट्टी समजून गाडी लावणाऱ्यांचा पहिला दंड बहुधा इथेच होतो. सोमवार ते शुक्रवार म्हणायचं असेल तर पाटीवर 'मो–फ्र' असं स्वतंत्र लिहिलेलं असतं.

'बेवोनर' म्हणजे तिथले रहिवासी. 'बेवोनर किंवा पार्कशाइन' (पार्किंगची पावती) असेल तर पैसे भरून लावता येतं. नुसतंच 'बेवोनर' असेल तर नाही. 'आनलीगर फ्राय' म्हणजे त्या रस्त्यावर ज्यांचं काही काम आहे तेच. नुसतं पलीकडे निघायला म्हणून शिरता येत नाही.

निळी तबकडी, म्हणजे पार्कशायबे, गाडीतच ठेवा. ती लावायची पद्धत अशी: पोहोचल्यानंतर येणाऱ्या पुढच्या अर्ध्या तासावर काटा ठेवायचा. दहा वाजून दहा मिनिटांनी आलात तर साडेदहा. दहा दहा लावलंत तर चूक, अकरा लावलंत तर दंड. मुदत संपत आली म्हणून खाली येऊन काटा पुढे सरकवणंही चालत नाही.

ॲपने पैसे भरताना झोन क्रमांक यंत्रावरचाच घाला. रस्त्याच्या पलीकडे झोन बदललेला असू शकतो. गाडीचा नंबर टाकताना शून्य आणि 'ओ' यांची गल्लत होते. भाड्याच्या गाडीच्या किल्लीवरच्या कागदावर विसंबू नका, पाटी बघून टाका. पैसे भरूनही नंबर चुकला तर ते न भरल्यासारखंच.

आणखी तीन सवयी सोडा. गाडी नेहमी रहदारीच्या दिशेने तोंड करून, उजव्या कडेला उभी करायची. चौकापासून पाच मीटर मोकळे सोडायचे. उजवीकडे वेगळा सायकल मार्ग असेल तर आठ. आणि सायकल मार्गावर दोन मिनिटंही नाही: 55 युरो आणि गाडी उचलली जायची शक्यता.

घर बदलणाऱ्यांसाठी किंवा कामासाठी रस्त्यावर तात्पुरत्या पाट्या लावतात, तारीख-वेळ घालून. तुम्ही गाडी लावली तेव्हा पाटी नव्हती, हे कारण तीन-चार दिवसांनंतर चालत नाही. गाडी रस्त्यावर ठेवून फिरायला गेलात तर दर दोन दिवसांनी एक चक्कर मारा.

पार्कहाउसमध्ये तिकीट गाडीत ठेवू नका. पैसे दारातल्या फाटकावर नव्हे, पायी आत शिरताना लागणाऱ्या यंत्रावर आधी भरायचे, मग गाडीकडे जायचं. काही पार्कहाउस रात्री बंद होतात. वेळ प्रवेशद्वारावर असते. नंबर वाचणाऱ्या कॅमेऱ्याची पार्कहाउस वाढली आहेत. तिथे कागद मिळत नाही, पण पैसे भरायचेच असतात.

गाडी जागेवर दिसली नाही तर चोरी धरून धावपळ करू नका. आधी पोलिसांना फोन करून नंबर सांगा. उचललेल्या गाड्यांची नोंद त्यांच्याकडे असते. ताबा घ्यायला ओळखपत्र, गाडीचे कागद आणि काही शे युरो लागतात.

७. पाणी: जे पुण्या-नागपूरच्या माणसाला सुचत नाही

हॅम्बुर्ग समुद्रापासून शंभरेक किलोमीटर आत आहे, तरी एल्बमध्ये रोज दोनदा भरती-ओहोटी होते आणि पाणी साडेतीन मीटरहून जास्त चढतं-उतरतं. वायव्येचा वारा जोरात सुटला की उत्तर समुद्राचं पाणी नदीच्या मुखातून आत ढकललं जातं. त्याला तिथे श्टुर्मफ्लूट म्हणतात. कोकणातल्या माणसाला 'उधाण' म्हटलं की लगेच कळेल, फक्त इथे चंद्रापेक्षा वारा महत्त्वाचा. मोसम साधारण शरद ऋतूपासून वसंताच्या सुरुवातीपर्यंत.

अशा वेळी सर्वांत आधी पाण्याखाली जातं ते फिशमार्क्ट, म्हणजे नेमकं ते प्रशस्त पटांगण जिथे पाहुणे रात्री गाडी लावून झांक्ट पाउलीत जातात. श्पायशरश्टाट आणि हाफेनसिटी या बंदरालगतच्या भागांच्या खालच्या फरसबंदीवरही पाणी येतं. हाफेनसिटीचे रस्ते आणि इमारती उंचावर बांधल्या आहेत, पण धक्क्यालगतच्या पायवाटा खालीच आहेत.

क्रम असा ठेवा:

1. निघण्याआधी आणि पोहोचल्यावर संध्याकाळी, झांक्ट पाउलीच्या भरतीच्या वेळा बघा. भरती रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते.
2. सरकारी सूचना देणारं 'नीना' ॲप फोनवर टाका.
3. 'सरासरी भरतीपेक्षा दीड मीटर वर' अशी सूचना दिसली की नदीकाठची गाडी लगेच हलवा. पाणी दिसायला लागल्यावर नव्हे.
4. पूरद्वारं बंद करतात तेव्हा नदीकाठचे काही रस्ते अचानक संपतात. नॅव्हिगेशनला ते कळलेलं असेलच असं नाही.

> तपासा: भाड्याच्या करारात पाण्याने झालेलं नुकसान धरलं आहे का, ते कलम शोधा. सूचना असूनही गाडी तिथेच ठेवली, तर विमा कंपनी तुमचा निष्काळजीपणा काढते.

फिशमार्क्टचा बाजार रविवारी पहाटे भरतो: एप्रिल ते ऑक्टोबर पाच ते साडेनऊ, नोव्हेंबर ते मार्च सात ते साडेनऊ. तिथे एस-बानने जा. रात्रभराच्या पार्ट्यांतून आलेले आणि मासे घ्यायला आलेले, असे दोन्ही प्रकारचे लोक त्या वेळी रस्त्यावर असतात आणि दोघांचंही गाड्यांकडे लक्ष नसतं.

८. गाडीचा खरा उपयोग: रविवारचं बंदर

मध्यात गाडी ओझं असली तरी बंदराच्या दक्षिण बाजूला तीच कामाची. क्योलब्रांट पुलावर पादचारी आणि सायकलींना बंदी आहे; कंटेनरच्या क्रेन आणि मालधक्के वरून बघायचे तर गाडीतूनच.

रविवारी सकाळी ए७ वर वाल्टर्सहोफला उतरा, पुलाच्या पाट्या धरून पूर्वेकडे विल्हेल्म्सबुर्ग गाठा आणि पुढे फेडेलला गाडी लावून टाका. पुलावर थांबायचं नाही, हळू व्हायचंही नाही. फोटो शेजारच्याने काढावेत. जोराच्या वाऱ्यात पूल बंद ठेवतात, तेव्हा आधी बघून घ्या. जुना मुक्त बंदर विभाग 2013 च्या सुरुवातीला संपला, त्यामुळे जकातीची तपासणी आता वाटेत लागत नाही.

बंदरातल्या रस्त्यांवर रेल्वे फाटकं बरीच आहेत आणि मालगाड्या सावकाश पुढे-मागे होत राहतात. काटविक आणि रेथं इथले पूल जहाजांसाठी उघडतात. लाल दिवा लागला की इंजिन बंद करा आणि बसा. वळसा घालायच्या नादात बहुतेक वेळा जास्त वेळ जातो.

लांडुंग्सब्र्यूकनचा जुना एल्ब बोगदा मात्र गाडीने पार करायचा बेत आखू नका. तिथून आता पायी किंवा सायकलनेच जातात. ब्लांकनेझच्या पायऱ्यांच्या वस्तीतही गाडी नेऊ नका. रस्ते अरुंद, चढ तीव्र आणि जागा रहिवाशांना. गाडी वर ठेवून तिथली छोटी बस घ्या.

९. पेट्रोल, परती आणि नंतर येणारं पत्र

पंपावर भरून द्यायला कोणी नसतं. आधी टाकीच्या झाकणाच्या आतला मजकूर वाचा, मग नोझल उचला. 'झुपर' म्हणजे पेट्रोल, ई५ किंवा ई१०. 'डीझेल' वेगळं लिहिलेलं असतं. भरून झाल्यावर पंपाचा क्रमांक लक्षात ठेवून आत जाऊन पैसे द्या. चुकीचं इंधन भरलं गेलं तर इंजिन सुरू करू नका, किल्लीही फिरवू नका; टाकी रिकामी करून घेणं इंजिन बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. महामार्गावरचे पंप महाग असतात, म्हणून गाडी परत करण्याआधीची टाकी शहरातल्या पंपावर भरा आणि पावती व काट्याचा फोटो ठेवा.

गाडी परत करताना चारही बाजू, चाकांच्या कडा आणि छत यांचे फोटो उजेडात काढा. डिसेंबरात दुपारी चारलाच अंधार पडतो, हे लक्षात ठेवून वेळ धरा. रात्री पेटीत किल्ली टाकून निघालात तर नुकसानीचा वाद तुमच्या नसण्यात होतो.

काही आठवड्यांनी दंडाचं पत्र येऊ शकतं. भाड्याच्या गाडीत कंपनी तुमचा पत्ता पोलिसांना देते आणि त्याचं स्वतःचं शुल्क वेगळं कापते. ते म्हणजे दंड भरला असं नव्हे. किरकोळ दंडाच्या पहिल्या पत्रावर एका आठवड्यात पैसे भरले की विषय मिटतो. ते बाजूला टाकलं तर औपचारिक आदेश येतो आणि त्यावर 28.50 युरोची भर पडते. त्याविरुद्ध हरकत घ्यायची मुदत पत्र हातात पडल्यापासून दोन आठवडे. पत्रावर खाते क्रमांक आणि प्रकरण क्रमांक दोन्ही असतात. पैसे पाठवताना प्रकरण क्रमांक लिहायला विसरलात, तर पैसे पोहोचतात आणि दंड मात्र बाकीच दिसत राहतो.